पाठ एक, दारे अनेक



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत कोणती कार्ये झाली, किती शिबिरे भरली, किती विद्यार्थ्यांना साहाय्य मिळाले याची नोंद वह्यांत सापडते. गाथा पाठ करून पारितोषिक मिळवणाऱ्या मुलांची नावेही सापडतात. मात्र जी मुले दोन-चार महिने पाठशाळेत आली, मागच्या रांगेत बसली आणि एके दिवशी येईनाशी झाली, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. 'त्याला पाठ होत नाही' एवढेच एक वाक्य त्यांच्या मागे उरते. आजचे विवेचन त्या मुलांविषयी आहे, आणि त्यांच्यासाठी पाठशाळेत, शाळेत व घरात काय करता येईल याविषयी आहे.

माषतुष मुनींचा पाठ

माषतुष मुनींची कथा जैन कुटुंबांत अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. दीक्षा घेतल्यावर ज्ञानावरणीय कर्माच्या उदयामुळे त्यांना सूत्र पाठ होईना. गुरुमहाराजांनी पाठ लहान केला, आणखी लहान केला आणि अखेरीस चारच शब्द दिले : मा रुष, मा तुष. रागावू नकोस, हुरळूही नकोस. तेवढेही त्यांच्या ध्यानात राहिले नाही. ते 'माषतुष, माषतुष' असे घोकत राहिले. लोक हसले, मुलांनी चिडवले. मुनी मात्र कोणावर रुष्टही झाले नाहीत आणि तुष्टही झाले नाहीत. शब्द चुकला होता, पण अर्थ आचरणात उतरला होता. बारा वर्षांनी त्यांना केवलज्ञान झाले, असे ही कथा सांगते.

दिगंबर परंपरेत हीच कथा शिवभूती मुनींच्या नावाने येते आणि आचार्य कुंदकुंदांच्या भावपाहुडात त्यांचा उल्लेख आहे. तेथे मुनी गुरूंचे वचन विसरलेले असतात. वाटेत एक स्त्री उडदाची डाळ धुऊन तिची साले वेगळी करताना त्यांना दिसते. साल वेगळी आणि डाळ वेगळी, तसा देह वेगळा आणि आत्मा वेगळा, हा बोध त्यांना तत्क्षणी होतो.

दोन्ही परंपरांचे तपशील वेगळे आहेत, परंतु शिकवणाऱ्यासाठी त्यांतून मिळणारा धडा एकच आहे. पाठांतर न होणे म्हणजे आकलन न होणे नव्हे. एका मुनींच्या बाबतीत जे कानावाटे आत गेले नाही ते आचरणातून उमटले, दुसऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांवाटे उमगले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की पाठ होत नाही म्हणून गुरूंनी शिष्याला परत पाठवले नाही. त्यांनी पाठ बदलून पाहिला.

मोजमाप आणि निवाडा

आधुनिक जगात मुलाची बुद्धी मोजण्याची सुरुवातही मदतीच्या हेतूनेच झाली होती. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी एक चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी कोणती मुले अधिक साहाय्यास पात्र आहेत हे ओळखणे, एवढाच तिचा उद्देश होता. १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यंकाची कल्पना मांडली आणि १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके भारतात वापरली गेली.

चाचणी वाईट नव्हती. तिचा उपयोग बदलला. मदत कोणाला हवी हे सांगणारा आकडा हळूहळू कोण हुशार आणि कोण 'ढ' हे सांगणारा निवाडा होऊन बसला. शाळेच्या गुणपत्रिकेचेही तेच झाले.

या एकाच आकड्याला ठळक आव्हान दिले ते हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करताना त्यांना असे आढळले की एखाद्याची वाचा जाते, तरी गाण्याची जाण शाबूत राहते. दुसऱ्याचे बोलणे उत्तम असते, पण ओळखीच्या वाटेवर तो हरवतो. बुद्धी ही एकच अखंड शक्ती असती तर असे झाले नसते, असा त्यांचा तर्क होता. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बुद्धीचे सात प्रकार मांडले : भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, दुसऱ्याचे मन जाणणारी आंतरव्यक्तिक आणि स्वतःचे मन जाणणारी व्यक्तिअंतर्गत. पुढे १९९०च्या दशकात त्यांनी आठवा प्रकार जोडला. तो म्हणजे झाडे, प्राणी, खडक यांतील भेद ओळखणारी निसर्गविषयक बुद्धी. 'हे मूल किती बुद्धिमान आहे?' या प्रश्नाच्या जागी 'हे मूल कोणत्या प्रकारे बुद्धिमान आहे?' हा प्रश्न आला, आणि जगभरच्या शिक्षकांना तो मनापासून भावला.

पार्लेकरांना हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. १९२१ साली स्थापन झालेल्या पार्ले टिळक विद्यालयाचे एक विद्यार्थी म्हणजे पु. ल. देशपांडे. भाषेवर प्रभुत्व, पेटीवर फिरणारी बोटे, रंगमंचावर बोलणारा देह आणि माणसांचे अंतरंग टिपणारी नजर, या सर्व शक्ती त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका हे सर्व त्यांचेच होते. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. यांपैकी कोणती शक्ती मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवर दिसली असती? भाषेचा थोडा अंश, आणि तेवढेच. अर्थात प्रत्येक मूल पु. ल. होत नाही. परंतु गुणपत्रिकेत न मावणारे काहीतरी प्रत्येक मुलाजवळ असते.

नंदीसूत्रातील चार बुद्धी

बुद्धी एकच नसते, हा विचार जैन परंपरेला नवा नाही. नंदीसूत्रात मतिज्ञानाच्या विवेचनात चार बुद्धी सांगितल्या आहेत : औत्पत्तिकी, वैनयिकी, कर्मजा आणि पारिणामिकी.

पूर्वी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या प्रसंगी तत्काळ सुचते ती औत्पत्तिकी. तिचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे उज्जयिनीजवळच्या गावातील नटपुत्र रोहक. राजाने गावात एक मेंढा पाठवला आणि पंधरवड्याने त्याचे वजन वाढलेलेही नसावे व घटलेलेही नसावे, अशी अट घातली. रोहकाने मेंढ्याला पोटभर चारा दिला आणि त्याच्यासमोर लांडगा बांधून ठेवला. खाल्ले ते अंगी लागले नाही आणि उपासमारही झाली नाही. गुरूंच्या सेवेतून व विनयपूर्वक अध्ययनातून येते ती वैनयिकी. एकाच गुरूंचे दोन शिष्य हत्तीची पावले पाहतात. एकाला केवळ हत्ती गेल्याचे कळते, तर मनन करून शिकलेल्या दुसऱ्याला हत्तीण, तिचा अधू डोळा आणि तिच्यावरील स्वारसुद्धा उमगते. काम करता करता हाताला येते ती कर्मजा. सुवर्णपरीक्षक अंधारात नुसत्या स्पर्शाने खरे नाणे ओळखतो. शेतकरी मुगाचे दाणे फेकतो तेव्हा सांगाल त्या बाजूने सर्व दाणे पडतात. हिरेबाजारात भिंग डोळ्याला लावून क्षणात दोन खड्यांतील फरक सांगणाऱ्या पारख्याला ही बुद्धी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वय, अनुभव आणि चिंतन यांतून परिपक्व होते ती पारिणामिकी, आणि तिच्या उदाहरणांत अभयकुमाराचे नाव येते.

गार्डनर यांचे आठ प्रकार आणि नंदीसूत्रातील चार प्रकार एकच आहेत, असे म्हणणे मात्र योग्य होणार नाही. गार्डनर यांची विभागणी क्षेत्रांनुसार आहे : भाषा, गणित, संगीत इत्यादी. नंदीसूत्राची विभागणी बुद्धी कशी उपजते यावर आहे. परंतु या दुसऱ्या विभागणीत शिकवणाऱ्याला मोठा दिलासा आहे. चारपैकी एकच बुद्धी आपोआप स्फुरणारी आहे. उरलेल्या तीन विनयाने, सरावाने आणि काळाने वाढणाऱ्या आहेत. दहा वर्षांच्या मुलाविषयी 'याला कधीच जमणार नाही' असे म्हणणारा माणूस या तिन्ही बुद्धींची वाट आधीच बंद करतो. शिवाय ज्ञान हे जीवाचे लक्षणच आहे, आणि कमी-अधिक असतो तो आवरणाचा क्षयोपशम, असे ज्या दर्शनाने मानले, त्या दर्शनाच्या अनुयायांच्या तोंडी 'ढ' हा शब्द मुळीच शोभत नाही.

मुलागणिक वेगळे शिक्षण देण्याचे चित्रही परंपरेत आहे. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना शिकवताना दिसतात. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक. भरताला अर्थशास्त्र व नृत्यशास्त्र, वृषभसेनाला संगीत, अनंतविजयाला चित्रकला व वास्तुविद्या, बाहुबलीला आयुर्वेद, धनुर्वेद, रत्नपरीक्षा इत्यादी विद्या. एकाच पित्याची अपत्ये, तरी विद्या वेगवेगळ्या. आणि त्यांतील कोणतीही विद्या हलकी ठरवलेली नाही.

नवा शिक्का नको

येथे एका धोक्याविषयी सावध राहणे आवश्यक आहे. जुना शिक्का पुसताना नवा शिक्का मारला जाऊ शकतो. 'आमचा मुलगा संगीत बुद्धीचा आहे, त्याला गणित जमायचे नाही', 'ही मुलगी चित्रातूनच शिकते, तिला वाचायला लावू नका', अशी वाक्ये आता सुशिक्षित घरांत ऐकू येतात. बोटांच्या ठशांवरून मुलाच्या आठही बुद्धींची टक्केवारी काढून देणाऱ्या चाचण्या उपनगरांत शुल्क घेऊन केल्या जातात आणि त्यांच्या अहवालावर गार्डनर यांचे नाव छापलेले असते. ठशांचा आणि बुद्धीचा असा संबंध सांगण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. असा अहवाल हाती घेऊन मुलाची शाखा किंवा व्यवसाय ठरवणे म्हणजे पैशाबरोबर त्याचे भवितव्यही पणाला लावणे होय.

गार्डनर यांच्या मांडणीवरही मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. वेगवेगळ्या बौद्धिक कसोट्यांतील गुण बहुधा एकमेकांशी निगडित आढळतात, म्हणून या बुद्धी पूर्णपणे स्वतंत्र मानता येत नाहीत, असे अनेक संशोधक सांगतात. काही मुले पाहून, काही ऐकून आणि काही हाताळून शिकतात, म्हणून प्रत्येकाला त्याच्याच पद्धतीने शिकवावे, हे मत शिक्षकांत फार लोकप्रिय आहे. २००८ साली हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा जुळणीने मुले अधिक चांगली शिकतात याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. स्वतः गार्डनर यांनीही २०१३ साली स्पष्ट केले की बुद्धीचे प्रकार आणि शिकण्याच्या शैली या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग उरते काय? उरते ते अधिक मोलाचे आहे. पाठाचा स्वभाव पाहून त्याला अनेक दारे ठेवावीत आणि प्रत्येक मुलाला त्या सर्व दारांतून नेऊन आणावे. नकाशा डोळ्यांनीच समजतो, राग कानांनीच आणि पोहणे पाण्यातच. शब्दासोबत योग्य चित्र दिले तर त्याचा लाभ एखाद्याच मुलाला होतो असे नाही, बहुतेक सर्वांना होतो. ज्या मुलाला एक दार बंद वाटते त्याला दुसरे सापडते, आणि आत आल्यावर बंद वाटलेले दारही आतून उघडता येते. मुलांमुलांत जो फरक शिक्षकाने अवश्य लक्षात घ्यावा तो असा : कोणाला आधीपासून किती येते, कोणाला किती वेळ लागतो, कोण कोणत्या परिस्थितीतून आले आहे आणि कोणाचे मन कशात रमते.

गुजरातीत शिक्षणाला केळवणी म्हणतात. पार्ल्याच्या पश्चिमेला १९३४ साली स्थापन झालेल्या श्री विलेपार्ले केळवणी मंडळामुळे हा शब्द येथील मराठी माणसाच्याही ओठी बसला आहे. कणीक मळून मऊ करण्यालाही गुजरातीत केळवणेच म्हणतात. गव्हाच्या पिठाला एक पाणी, बाजरीच्या पिठाला वेगळे पाणी, हे प्रत्येक गृहिणी जाणते. पीठ बिघडले असे ती म्हणत नाही. ती हाताचा अंदाज बदलते.

कोसबाडची कुरणशाळा

मुलाला अनुरूप शिक्षण म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातील सर्वांत उजळ उदाहरण पार्ल्याच्याच रेल्वेमार्गावर आहे. पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे गेले की पालघर जिल्ह्यात घोलवड लागते. त्याच्या जवळच बोर्डी हे गाव आणि कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडला गेले.

ताराबाईंनी बालशिक्षणाचा पाठ भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत गिरवला होता. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांतील बालशिक्षणाचा पाया असा एकत्रच घातला गेला. परंतु माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांत आणणार कोठून? म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती हीच तेथे शिक्षणाची साधने झाली.

मुले तरीही शाळेत येईनात. कारण बुद्धीचे नव्हते. वारली पाड्यांवरील लहान मुले घरी धाकट्या भावंडांना सांभाळत, आणि थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखत. 'ही मुले शिकू इच्छित नाहीत' असा निवाडा करणे सोपे होते. या दोघींनी उलट शाळाच हलवली. लहानग्यांसाठी ती पाड्याच्या अंगणात गेली आणि गुराख्यांसाठी कुरणात. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. रानातील झाडापानांची, पाखरांची जाण या मुलांना आधीच होती. तिच्यावरच अक्षर-अंकांची उभारणी झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा सन्मान 'शाळा मुलाकडे जाऊ शकते' या विचारात आहे. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले.

पार्ल्यातील मूल गुरे राखत नाही. परंतु शाळा, शिकवणी आणि प्रवास यांनी थकून ते रविवारी सकाळी पाठशाळेत बसते, तेव्हा त्याचेही एक कुरण असते आणि त्या कुरणापर्यंत कोणीतरी जावे लागते.

पाठशाळेतील एक पाठ

हे प्रत्यक्षात कसे करावे? स्वाध्यायाचे पाच प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, चिंतन करणे आणि दुसऱ्याला सांगणे. पाठांतर हे या पाचांपैकी एक अंग आहे. ते आवश्यक आहे. सूत्रे शेकडो वर्षे टिकली ती मुखोद्गत करण्याच्या परंपरेमुळेच. परंतु बहुतेक पाठशाळांत पारितोषिक एका परिवर्तनेलाच मिळते. उत्तम प्रश्न विचारणाऱ्या मुलीला किंवा धाकट्या भावाला गोष्ट समजावून सांगणाऱ्या मुलाला मिळत नाही. शास्त्राने पाच दारे दिली असता चार दारांना कुलूप का लागले, याचा विचार शिकवणाऱ्यांनीच करायचा आहे.

उदाहरणार्थ एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांचे भेद हा पाठ घ्यावा. प्रथम मुलांनी डोळे मिटून, कान झाकून स्तब्ध बसावे, केवळ स्पर्श उरला तर जग कसे भासेल याचा अनुभव घ्यावा. मग चातुर्मासात एखाद्या बागेच्या कडेने त्यांना हळूच न्यावे. गांडूळ व गोगलगाय, मुंगी, माशी आणि पाखरू यांना स्पर्श न करता नुसते पाहावे. परतल्यावर चित्रांची पाने इंद्रियांच्या संख्येनुसार लावावीत. जीवांची नावे एखाद्या ओळखीच्या स्तवनाच्या चालीवर म्हणावीत. 'पाण्यात जीव आहे, मग अंघोळ कशी करावी?' यासारख्या प्रश्नाला पुरेसा वेळ द्यावा. शेवटी दोन मिनिटे शांत बसून आज आपल्या हातून कोणत्या जीवाला पीडा झाली, हे प्रत्येकाने स्वतःशीच आठवावे.

अशा पाठात आठही बुद्धींना वाव मिळतो, आणि कोणत्याही मुलाच्या कपाळावर एकाही बुद्धीचे नाव चिकटवावे लागत नाही. परीक्षाही तशीच व्हावी. कोणी सूत्र म्हणून दाखवावे, कोणी चित्र काढून समजावावे, कोणी लहान मुलांच्या वर्गाला शिकवावे. ही वाट नवीन नाही. मंदिरांतील तीर्थपट, कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या, सोंगट्या पुढे सरकवत पुण्य-पापाची चढउतार दाखवणारी ज्ञानबाजी आणि पर्वकाळी गायली जाणारी स्तवने, ही सर्व शिकवण्याचीच दारे होती. तीर्थंकरांची वाणी समवसरणात ज्याला त्याला आपापल्या भाषेत समजत असे, असे वर्णन आहे. ते सामर्थ्य सामान्य शिक्षकाजवळ नाही, पण तो आदर्श त्याच्यासमोर आहे.

घरातील जबाबदारी

पालकांविषयी दोन शब्द. काही मुले बोलण्यात चतुर आणि व्यवहारात तल्लख असतात, परंतु वाचताना अक्षरे चुकतात, लिहिताना ओळ सुटते, अंक उलटे पडतात. अशी मुले आळशी किंवा हट्टी आहेत असे मानून मार, शिकवण्या आणि शपथा यांचा मारा केला जातो. त्यांपैकी काहींना विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. महाराष्ट्र शासनाने १९९६ सालापासूनच अशा विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मान्य केल्या आणि २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात या अक्षमतेचा समावेश झाला. तपासणी सार्वजनिक रुग्णालयातील किंवा पात्र तज्ज्ञांकडून रीतसर करून घ्यावी. समाजात बोभाटा होईल, पुढे लग्न जुळताना अडचण येईल, या भीतीने ती लांबवली, तर मुलाची शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. दृष्टी कमी असल्यास चष्मा देताना कोणी लाजत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

तसेच दोन भावंडांची तुलना जेवणाच्या ताटावर तरी होऊ नये. मोठ्या बहिणीला पंच्याण्णव टक्के मिळाले आणि धाकट्याला साठ, तर घरातील मायेचेही तेवढेच वाटे होत नाहीत, हे त्या धाकट्याला शब्दांत सांगावे लागते. तो ते आपणहून ओळखेल, असे गृहीत धरू नये.

अनेकान्ताची भाषा जाणणाऱ्या समाजाला हे एका वाक्यात सांगता येईल. गुणपत्रिका हा एक नय आहे. तिच्यातून मुलाचे एक अंग दिसते आणि त्या अंगापुरती ती खरी असते. पण तेच मुलाचे पूर्ण स्वरूप मानले, की तो दुर्नय होतो. बुद्ध्यंकाचेही तसेच, आणि आठ बुद्धींच्या तक्त्याचेही तसेच.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक छोटा संकल्प करता येईल. प्रत्येक पाठशाळेत एक साधी वही ठेवावी. येईनाशा झालेल्या मुलांची नावे तिच्यात लिहावीत, प्रत्येक नावासमोर त्या मुलाच्या घरी कोण जाऊन आले ते लिहावे आणि परत आल्यावर त्याच्यासाठी कोणता पाठ कसा बदलला तेही लिहावे. माषतुष मुनींच्या गुरूंनी एवढेच तर केले होते. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडेल, तेव्हा त्या पानांवरची नावे वाचून त्याला समाधान वाटावे.

या विवेचनात जिनवाणीच्या आशयाविरुद्ध काही आले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र.